मक्याच्या पानांची पूड



माझ्यानंतर फिशपाँड आहेत. त्यामुळे मागच्या रांगांचं लक्ष माझ्यापेक्षा घड्याळाकडे जास्त आहे, हे मला इथून दिसतंय.

माझी पीएच.डी. पानांवर राहणाऱ्या जिवाणूंवर आहे. हे सांगितलं की घरीदारी पहिला प्रश्न ठरलेला: कुठला रोग? डाळिंबावरचा तेल्या जिवाणूमुळेच होतो, तेव्हा प्रश्न गैर नाही. पण टवटवीत, निरोगी पानाच्याही एका चौरस सेंटिमीटरवर दहा लाख ते एक कोटी जिवाणू असू शकतात आणि त्यातल्या बहुतेकांचा रोगाशी काही संबंध नसतो. राहायला जागा तशी वाईटच. खाली मेणाचा थर, वरून ऊन, पाणी मिळालं तर दवाचं, आणि खायला पानातून झिरपणारी जराशी साखर. तीही सगळीकडे सारखी झिरपत नाही. म्हणून शिरांच्या कडेला, लवेच्या बुडाशी दाटी होते आणि बाकीचं पान बरंचसं ओस पडतं.

संशोधन कसं पुढे सरकतं, त्याचा माझा आवडता किस्सा याच विषयातला आहे. 1961 साली अमेरिकेच्या कृषी खात्यातले पॉल हॉप मक्याच्या बुरशीवर काम करत होते. रोगट पानं वाळवून त्यांची पूड करायची आणि पुढच्या हंगामात ती नव्या रोपांवर टाकायची, अशी त्यांची पद्धत. त्या वर्षी अवेळी दहिवर पडलं आणि पूड टाकलेली रोपंच तेवढी करपली. शेजारची शाबूत! बुरशीचा आणि थंडीचा संबंध काय? कोणालाच कळेना.

पुढे सत्तरच्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात स्टीव्हन लिंडो नावाचा विद्यार्थी याच कोड्यावर काम करत होता. पुडीतून त्याने आणि त्याच्या मार्गदर्शकांनी स्युडोमोनास सिरिंजी हा जिवाणू वेगळा काढला. बुरशीचा यात हात नव्हताच. या जिवाणूच्या अंगावरच्या एका प्रथिनामुळे पाण्याचे रेणू बर्फासारखे ओळीत बसतात आणि उणे दोन अंशांच्या आसपासच पाणी गोठू लागतं. तो नसेल तर पानावरचं पाणी आणखी काही अंश खाली गेलं तरी द्रव राहू शकतं.

मग त्या प्रथिनाचं जनुक काढून टाकलेला जिवाणू तयार झाला. 1987 मध्ये कॅलिफोर्नियात तो स्ट्रॉबेरीवर फवारला गेला. जनुक बदललेला जिवाणू अधिकृत परवानगीने उघड्या शेतात सोडण्याची ही पहिलीच वेळ. आदल्या रात्री विरोधकांनी शेतात शिरून रोपं उपटली होती. दहिवरावरचा तो उपाय बाजारात काही आला नाही. मूळचा, बर्फ करणारा जिवाणू मात्र खपला: तो मारून, सुकवून स्की खेळण्याच्या ठिकाणी कृत्रिम बर्फासाठी वापरतात. मला याची फार गंमत वाटते.

तुमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक करून बघा. थोडं मिथेनॉल घातलेल्या आगरच्या प्लेटवर आवारातलं कोणतंही कोवळं पान हलकेच दाबा आणि उचलून घ्या. वाढतं पान पर्णरंध्रांतून मिथेनॉल सोडतं आणि मिथायलोबॅक्टेरियम हा जिवाणू त्यावर पोसला जातो. काही दिवसांत प्लेटवर गुलाबी ठिपके दिसू लागतील. गुलाबी दिसले की तोच असण्याची शक्यता जास्त. प्लेट उलटी ठेवा, नाहीतर झाकणावरचं पाणी गळून सगळे ठिपके एकमेकांत मिसळतील. सरांना आधी विचारा, मिथेनॉल विषारी असतं.

मी थांबते. फिशपाँड सुरू करा, माझ्या नावाचा असेल तर तोही वाचा.