फर्माची सहावी संख्या

श्रोतेहो, जवळ पाटी असेल तर घ्या. दोनापासून निघा व दर वेळी वर्ग करीत चला: २, ४, १६, २५६, ६५,५३६. प्रत्येकीत एक मिळवा. झाल्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग जात नाही.

फ्रान्समधील कायदेपंडित फर्मा याने १६४० मध्ये मत दिले, की ही माळ पुढेही अशीच चालणार. सिद्धता मात्र त्याच्यापाशी नव्हती. सहावी संख्या ४,२९,४९,६७,२९७. चार अब्जांच्या वर! भागून पाहणार कोण? १७३२ मध्ये ऑयलरने दाखविले, की हिला ६४१ ने भाग जातो, भागाकार ६७,००,४१७.

हिचा मूळ विभाजक ६४ च्या पटीत एक मिळवूनच येऊ शकतो, हेही ऑयलरने पुढे सिद्ध केले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. म्हणजे पाचच भागाकार! मोठ्या माणसाचा शब्द म्हणून आपण किती गोष्टी न तपासता सोडून देतो, पाहा. गुरुजी, हा गुणाकार उद्या मुलांकडून फळ्यावर करवून घ्या. माळेत पाचवीनंतर आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही.