हाड सांधले, चालणे उरले

(छत्रपती संभाजीनगर येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणावरून)



आपल्या जिल्ह्यात कोणाच्या पायाचे हाड वाईट रीतीने मोडले, की ‘घाटीत न्या’ हेच शब्द प्रथम कानी येतात. १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला लोकांनी दिलेले हे नाव मराठवाड्यात सर्वतोमुखी आहे. तेथील शस्त्रक्रियेविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. मला बोलावयाचे आहे ते रुग्ण गावी परतल्यानंतरच्या चार-सहा महिन्यांविषयी.

या काळात त्याचे नाव कोणत्याच नोंदवहीत नसते. रुग्णालयाने ते कमी केलेले असते. दिव्यांगांच्या यादीत ते चढलेले नसते; कारण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये मिळणारे अनेक लाभ किमान ४० टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असतात आणि ज्याचे हाड सांधत आहे त्याच्याजवळ असे प्रमाणपत्र बहुधा नसते. ते असावे असा माझा आग्रहही नाही. तो बरा व्हावयाचा आहे. परंतु त्याचे चालणे पूर्ववत होणार की जन्मभराचे अधू राहणार, याचा निर्णय पुष्कळसा याच महिन्यांत लागतो.

नडगीचे हाड सांधण्यास सामान्यतः तीन-चार महिने लागतात; मांडीच्या हाडास त्याहून अधिकही लागू शकतात. मांडीचे स्नायू मात्र अवघ्या दोन-तीन आठवड्यांत रोडावू लागतात आणि न हलविलेला गुडघा आखडतो. क्ष-किरण चित्रात हाड उत्तम जुळलेले दिसावे आणि माणूस लंगडत राहावा, याचे कारण पुष्कळदा हेच असते. खुर्ची, पलंग आणि कमोड असलेल्या घरात गुडघा काटकोनात वाकला तरी दिवस निभतो. खेड्यात उकिडवे बसल्यावाचून शौच नाही, मांडी घातल्यावाचून पंगत नाही, आणि खुरपणी तर नाहीच नाही. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास जयपूर येथे जो कृत्रिम पाय घडविला, त्यामागे हीच जाण होती. बुटात बसविण्याजोग्या परदेशी धर्तीच्या पायावर ना उकिडवे बसता येई, ना अनवाणी चिखल तुडविता येई. लाकूड-रबराच्या पायासाठी एवढा विचार झाला. ज्याचा स्वतःचा पाय शाबूत आहे त्याच्या गुडघ्याचा विचार मात्र होत नाही, याचे मला नवल वाटते.

सात वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात माझी मांडी मोडली, तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. घरच्यांची माया एवढी, की पाण्याचा तांब्यादेखील हाताशी येई. लहान मुलाने पहिले पाऊल टाकले की घर टाळ्या पिटते, पन्नाशीच्या माणसाने टाकले की, “पडाल हो, बसा!” न्हाणीघरापर्यंत एकट्याने जाऊन परत आलो, तो दिवस मला पगाराच्या दिवसाहून मोठा वाटला. पुढे शाळेतील सहकाऱ्यांनी माझा वर्ग माडीवरून तळमजल्यावर आणला. त्यास ना अर्ज लागला, ना निधी. पण त्यामुळे मी दोन महिने आधी कामावर रुजू झालो.

ज्यास आपण फिजिओथेरपी म्हणतो, तो भौतिकोपचार घेण्यासाठी सोयगावच्या शेतमजुराने मोडका पाय घेऊन वरचेवर एस.टी.च्या उंच पायऱ्या चढाव्यात, ही अपेक्षा व्यर्थ आहे. म्हणून सुट्टी मिळण्यापूर्वीच घरातील एका माणसाने सारे व्यायाम रुग्णासमवेत शिकून घ्यावेत, आणि पायावर किती भार केव्हा द्यावयाचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. काही गोष्टी मात्र प्रत्येक गावात ठाऊक हव्यात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. आपल्याकडे पुष्कळ जण ती उलट धरतात. कुबडीचा भार तळहातांवर घ्यावा, काखेत नव्हे. काखेतील नस दबून हात लुळा पडू शकतो. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर चोळत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आता पंचायतीकडे वळतो. स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करण्याचे बंधन आपणांस ठाऊक आहे. त्यातून कार्यालयास उतरता मार्ग आणि पायऱ्यांना कठडा झाला, तर दिव्यांगांबरोबर या बेवारशी रुग्णांचीही सोय होते. घराघरांतील शौचालये अरुंद आणि बैठ्या भांड्याची आहेत. तेथे भिंतीत एक भक्कम लोखंडी दांडी बसविली आणि बैठक मधोमध कापलेली साधी खुर्ची भांड्यावर ठेवली, की माणूस दुसऱ्याच्या आधारावाचून जाऊ शकतो. गावातला सुतार आणि गवंडी हे एका दिवसात करतील.

आणखी एक सूचना. लग्नकार्याची मोठी भांडी अनेक गावांत सामाईक असतात. ज्याच्या घरी कार्य, तो नेतो आणि घासून परत करतो. त्याच रीतीने दोन वॉकर, कुबड्यांच्या दोन जोड्या आणि चार काठ्या पंचायतीत का असू नयेत? त्या उंची कमी-अधिक करता येणाऱ्या घ्याव्यात, आणि परत आल्या की तळाची रबरी टोपी आधी पाहावी. झिजलेल्या टोपीची काठी ओल्या शहाबादी फरशीवर हमखास सरकते. नवी टोपी अगदी थोड्या पैशांत मिळते.