न सुटणारा डाख

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या वस्तींत असें घर विरळाच, कीं ज्याच्या माळ्यावर बंद पडलेलें एखादें यंत्र धूळ खात नाहीं. पुष्कळदां दोष एवढाच असतो, कीं त्यांतला एक कपॅसिटर फुगून निकामी झालेला असतो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलें, कीं लॅमिंग्टन रोडवर नवा मिळतो. जुना मात्र आपली जागा सोडीत नाहीं. त्याच्या पायांना धरून बसलेला डाख, म्हणजे सोल्डर, वितळतच नाहीं. यंत्र वांचणार कीं भंगारांत जाणार, हें बहुधा येथेंच ठरतें.

हा हट्ट कशामुळें? एक कारण धातूचें. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें यांचा जुना डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळे. शिसें विषारी म्हणून युरोपांत २००६ सालीं त्यावर बंधनें आलीं. पुढें आपल्याकडील नियमांनींही त्यास मर्यादा घातली. आतांच्या डाखांत कथिलाबरोबर थोडें रुपें आणि तांबें असतें, व त्याला सुमारें २१७ अंश लागतात. दुसरें कारण अधिक खट्याळ आहे. कपॅसिटरचा एक पाय बहुधा तांब्याच्या रुंद पत्र्याला जोडलेला असतो. दिलेली उष्णता तो पत्राच पिऊन टाकतो. हंड्याखालीं पणती लावून पाणी उकळण्याची वाट पाहण्यासारखेंच तें!

अशा वेळीं माणूस आयर्नचें तपमान वाढवितो आणि कपॅसिटर हिसकावूं लागतो. मग बोर्डाला तांबें चिकटविणारा थर सैल पडतो, आणि पायाभोंवतींचें कडें उपटून येतें. यंत्राचा खरा घात होतो तो तेव्हां.

उपाय ऐकावयास उलटा वाटेल: जुना डाख काढण्यासाठीं त्यावर नवा घालावा, आणि तोही शिशाचा. दोन्ही मिसळले कीं मिश्रण कमी उष्णतेंत पातळ होतें, व ओल्या धातूंतून उष्णता आंतपर्यंत पोंचते. त्याआधीं थोडी राळ, म्हणजेच फ्लक्स, अवश्य लावावी. कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागर टाकी, तो उगीच नव्हे. धातूवरचा मळ गेल्यावांचून कथील धरत नाहीं. परंतु नवसागर बोर्डाला लावूं नये. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेंत त्याचा अंश राहिला, तर तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकील.

आयर्नचें टोंक सुईसारखें नको, चपटें व रुंद हवें. बोर्ड आधीं गरम हवेनें ऊन केला तर निम्मा हट्ट तेथेंच मोडतो. भोंकांत डाख अडकून राहिला तर खिळ्यानें टोंचूं नये. पुन्हां नवा डाख भरून, तो वितळतांच पंपानें ओढून घ्यावा.

घरच्या २३० व्होल्टांवर चालणाऱ्या यंत्रांतला मोठा कपॅसिटर तार काढल्यावरही तीनशेंहून अधिक व्होल्ट धरून बसूं शकतो. तो रिकामा झाल्याची मीटरनें खात्री झाल्याखेरीज बोट लावूं नये. खिडकी उघडी असावी, आणि शिशाला लागलेले हात धुतल्यावांचून चहाचा पेलाही उचलूं नये. जुना काढण्यापूर्वीं त्याच्या अंगावरचा ऋण पट्टा कोणत्या बाजूस होता, तें मात्र कागदावर टिपून ठेवावें. नवा उलटा बसला तर तोही फुगेल.