शब्द दिला, तो कुणाला?

(वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



कायद्यावर बोलणार म्हटल्याबरोबर मागच्या रांगेत विणकाम बाहेर निघाले आहे. खुशाल विणा, पण कान इकडे असू द्या. कारण इंग्रजी कायद्यात ‘प्रस्ताव’ कशाला म्हणतात, हे एका बाईनेच कोर्टात जाऊन ठरवून घेतले आहे.

१८९१ साली इंग्लंडात इन्फ्लुएंझाची साथ होती. एका कंपनीने ‘कार्बोलिक स्मोक बॉल’ नावाचा रबरी चेंडू विकायला काढला. त्याची नळी नाकाशी धरायची, चेंडू दाबायचा आणि आतली पूड हुंगायची. जाहिरातीत म्हटले होते : सूचनेप्रमाणे दिवसातून तीनदा, दोन आठवडे चेंडू वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल, त्याला शंभर पौंड देऊ, खात्रीसाठी हजार पौंड बँकेत ठेवले आहेत.

लुइझा कार्लिलबाईंनी चेंडू घेतला, जवळजवळ दोन महिने नेमाने वापरला, आणि जानेवारी १८९२ मध्ये त्यांना इन्फ्लुएंझा झालाच! त्यांनी पैसे मागितले, कंपनी देईना.

कोर्टात कंपनी म्हणाली, जाहिरातीतली बढाई कोणी खरी मानतो का? साऱ्या जगाशी करार होतो कसा? आणि प्रस्ताव पत्करल्याचे बाईंनी आम्हांला कळवले कुठे?

अपील न्यायालयाने डिसेंबर १८९२ मध्ये यातले एकही म्हणणे मानले नाही. बँकेत हजार पौंड ठेवल्याचे सांगता, म्हणजे बोलणे थट्टेचे नव्हे. प्रस्ताव साऱ्या जगापुढे ठेवता येतो; जो अट पुरी करील त्याच्याशी करार होतो. अट पुरी करणे हीच स्वीकृती, निराळे कळवण्याची गरज नाही. बाई जिंकल्या.

पण म्हणून दुकानातली प्रत्येक पाटी प्रस्ताव समजू नका. १९५३ साली बूट्स या औषधविक्रेत्यांच्या खटल्यात ठरले, की फळीवर किंमत लावून मांडलेला माल हे केवळ ग्राहकाला निमंत्रण आहे. माल घेऊन ग्राहक पैसे द्यायला येतो, तेव्हा प्रस्ताव त्याचा. तो पत्करायचा की नाही हे दुकानदाराने ठरवायचे.

आता आपल्या आवडीचा विषय : घासाघीस! १८४० च्या एका खटल्यात रेंच यांनी आपली शेती हजार पौंडांना देऊ केली. हाइड म्हणाले, साडेनऊशे देतो. रेंच यांनी नकार दिला. मग हाइड म्हणाले, बरे, हजार घ्या! कोर्टाने सांगितले, आता उशीर झाला. कमी किंमत सांगितलीत तेव्हाच मूळ प्रस्ताव तुम्ही मोडलात. नुसती चौकशी केली तर प्रस्ताव मोडत नाही. आपला आकडा पुढे केला की मोडतो.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे वाटेल. पण आपला १८७२ चा करार कायदा मुख्यतः इंग्रजी तत्त्वांवरच बेतलेला आहे. अट पुरी करणे म्हणजे स्वीकृती, हे त्याच्या आठव्या कलमात कार्लिलबाईंच्या खटल्याआधीच लिहिलेले आहे.

तेव्हा भगिनींनो, बक्षिसाची किंवा पैसे परत देण्याची जाहिरात दिसली तर तिच्यातल्या अटी नीट वाचा, कागद आणि पावती जपून ठेवा. ‘आपण बायका, आपले कोण ऐकणार?’ असे मात्र म्हणू नका. कार्लिलबाई तसे म्हणाल्या असत्या, तर कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही त्यांचे नाव पाठ करावे लागले नसते.