शेजाऱ्याच्या प्रार्थनामंदिरात



आपल्या गावात मारुतीचे देऊळ असते, पीराचा दर्गा असतो, आणि वसईकडे किंवा अहिल्यानगर म्हणजे जुन्या अहमदनगरकडे ख्रिस्ती मंदिरही असते. देवळात आपण जातो, दर्ग्याला नवस बोलतो. परंतु ख्रिस्ती मंदिराच्या दारावरून जन्मभर ये-जा करूनही आत काय चालते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते. ‘आपल्याला आत घेतील काय?’ ही एक भीती, आणि ‘आत गेलो तर लोक काय म्हणतील?’ ही दुसरी. या दोन भीतींपायी शेजारी शेजाऱ्याला पारखा राहिला आहे.

हा धर्म परक्या भाषेचा, अशीही एक समजूत आहे. ती किती पोकळ आहे पाहा. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने लिहिलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्यात दहा हजारांहून अधिक मराठी ओव्या आहेत. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईस व १८३१ साली अहमदनगरास आले. त्यांचे ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून मराठीत निघू लागले. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, ते आपले अभंग आणि कीर्तन बरोबर घेऊनच. कॅथलिकांची मिस्सा मात्र पुष्कळ वर्षे लॅटिनमध्ये होई; १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तीही लोकभाषांत होऊ लागली.

कामगार संघटनेतील एका ख्रिस्ती सहकाऱ्याच्या आग्रहावरून मी एका रविवारी त्यांच्या मराठी मंडळीच्या उपासनेस गेलो. ‘दादा, फक्त येऊन बसा. तुम्हाला कोणी काही विचारणार नाही,’ एवढेच तो म्हणाला होता, आणि तसेच झाले. नव्याने जाणाऱ्याने लक्षात ठेवण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. दारापाशी चपला दिसल्या तर आपल्याही काढाव्यात, नाही तर तसेच आत जावे. मागच्या बाकावर बसावे, म्हणजे पुढचे उभे राहिले की आपल्याला उभे राहता येते. दानाची थैली फिरते. तीत टाकण्याची सक्ती नाही. प्रभुभोजन असेल, तर भाकर आणि द्राक्षरस हा बाप्तिस्मा घेतलेल्यांचा विधी आहे हे जाणून पाहुण्याने आपल्या जागी शांत बसावे. त्यात त्याचा अपमान नाही, त्यांचाही नाही.

पेटी-तबल्यावर गीत झाले. ऐकताना मला आमच्या आळीतील भजनाची आठवण झाली. नंतर सर्वांनी मिळून आपापल्या अपराधांची कबुली देणारी प्रार्थना म्हटली. साहेबाच्या हुद्द्यावरचा गृहस्थ आणि झाडूवाली बाई, दोघांच्या तोंडी तेच शब्द. आम्ही सभांतून घोषणा देतो त्या दुसऱ्याच्या अपराधाच्या. माणसे एका आवाजात स्वतःच्या अपराधाचे बोलत आहेत, हे माझ्या कानांना नवे होते.

मग मत्तयाच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायाचे वाचन झाले, आणि मी सावरून बसलो. कारण गोष्ट मजुरीची होती. एक मळेवाला पहाटे बाजारात जाऊन मजूर आणतो आणि दिवसाचा एक दिनार ठरवतो. दिनार म्हणजे रोमन चांदीचे नाणे, त्या काळची एका दिवसाची मजुरी. नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता तो आणखी मजूर आणतो. आणि पाच वाजता, दिवस बुडायच्या बेतात, काही जण अजून उभेच दिसतात. का उभे, तर कोणी काम दिले नाही म्हणून. त्यांनाही तो नेतो. संध्याकाळी सर्वांना एकेक दिनार देतो, तोही शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करून. दिवसभर उन्हात राबलेले साहजिकच कुरकुरतात.

पाळकांनी उपदेशात देवाची कृपा सांगितली. ती कृपा हिशेबाने मिळत नाही, असा त्यांचा आशय होता, आणि त्यांच्या धर्माप्रमाणे तो योग्यच आहे. माझ्या डोळ्यांपुढे मात्र मजूर अड्डा उभा राहिला. सकाळी सहाला डबा घेऊन उभा असलेला आणि अकरा वाजता तसाच परतणारा गवंड्याच्या हाताखालचा गडी मी रोज पाहतो. त्याने आळस केलेला नसतो. त्याला कोणी बोलावलेले नसते. पण पोट? ते काम मिळालेल्याच्या पोटाएवढेच असते!

कुरकुरणारेही माझ्या ओळखीचे आहेत. कंत्राटी कामगाराला कायम कामगाराइतके वेतन मागा म्हटले की, ‘आम्ही वीस वर्षे घासली, हा कालचा पोरगा,’ असे आमचेच सभासद म्हणतात. त्यांचे दुःख खोटे नाही. परंतु गोष्टीतल्या पहिल्या मजुराचा एक पैसाही कमी झालेला नव्हता. दुसऱ्याला पुरेसे मिळाले, एवढेच त्याला सलत होते. मालकाला हेच सलणे हवे असते. त्याच्याच जोरावर तो एका फाटकातून दोन दरांची माणसे आत घेतो.

एका ठिकाणी मात्र मी त्या मळेवाल्याशी सहमत होऊ शकत नाही. त्याने दिले ते स्वखुशीने; उद्या मर्जी फिरली तर? मजुराचे पोट दात्याच्या मनावर टांगलेले नसावे. १९५७ साली दिल्लीत भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे माप ठरवले, तेव्हा कामगाराच्या गरजेपासून सुरुवात केली: कुटुंबात खाण्याची तीन एकके धरावीत, प्रौढास २,७०० कॅलरींचे अन्न, चौघांच्या घराला वर्षाला ७२ वार कापड, शिवाय घरभाडे व सरपण-दिवाबत्ती. मळेवाल्याने दयेने जे केले, ते इथे हक्क म्हणून लिहिले गेले. लिहिलेले पदरात पाडून घेणे हे आमचे काम, आणि ते अजून पुरे झालेले नाही.

मी त्या मंदिरातून धर्म बदलून आलो नाही, आणि बदलावा असे मला कोणी सुचवलेही नाही. पण आमच्या युनियनच्या बैठकीत जो प्रश्न वर्षानुवर्षे भांडणाचा आहे, तोच प्रश्न शेजारची माणसे रविवारी सकाळी हात जोडून ऐकतात, हे मला कळले. आपणही एकदा जाऊन या. बोलावणे आले तर उत्तमच. न आले तर ओळखीच्या ख्रिस्ती माणसाला विचारा, ‘येऊ का?’ आणि दिवाळीत त्यालाही घरी बोलवा. एका फाटकातून कामावर जाणाऱ्यांनी एकमेकांच्या दाराशी अडखळू नये.