आर्थिक मदतीच्या पत्रात फाल काढू नका



मला परदेशी शिक्षणावर बोलायला सांगितलं आहे. शिष्यवृत्त्यांची यादी तुम्हाला फोनवरही मिळेल. मी फक्त एका पत्राबद्दल बोलतो.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत रात्री अकरा वाजता भाचीचा फोन आला. ती बारावीत होती. अमेरिकेतल्या सहा कॉलेजांना तिने अर्ज केले होते. वडिलांचं शिलाईचं दुकान, म्हणून सगळीकडे आर्थिक मदतही मागितली होती.

"मामू, एका कॉलेजच्या मदत विभागाचं पत्र आलंय. अब्बांच्या उत्पन्नाचे कागद मागितलेत. घ्यायचंच नसतं तर कागद कशाला मागितले असते?"

घरात पेढे आले होते. सीईटीचा फॉर्म मात्र भरायचा राहिला होता. आता त्याची गरज काय, असं तिचं म्हणणं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. असे मेल पाठवणारे प्रोग्रॅम लिहिणं हे माझं रोजचं काम. म्हणून सांगतो, बहुतेक वेळा त्या पत्रामागे कुणी माणूस बसलेला नसतो. एक तक्ता असतो. तुमच्या नावापुढे 'कागद अपुरे' अशी नोंद असते. प्रोग्रॅम चालतो आणि ज्यांच्यापुढे ती नोंद आहे त्या सगळ्यांना तेच पत्र जातं. ज्यांना नंतर नकार मिळणार असतो, त्यांनाही.

दुसरी गोष्ट. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट ही कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याचाही प्रवेश ठरवताना त्याला पैशांची किती गरज आहे हे बघत नाहीत. प्रवेशाचा निर्णय एकीकडे, मदतीचा हिशेब दुसरीकडे. बाकीची बहुतेक कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीत गरजही विचारात घेतात. पण तिथेही कागद मागणं म्हणजे होकार नव्हे, आणि पत्र न येणं म्हणजे नकार नव्हे. कदाचित तुमचे कागद पूर्ण असतील, एवढंच.

खरी खूशखबर लपूनछपून येत नाही. काही कॉलेजं निकालाच्या आधीच निवडक मुलांना 'तुमचा प्रवेश होण्याची शक्यता आहे' असं कळवतात. ते पत्र प्रवेश विभागाकडून येतं आणि त्यात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. ओळींच्या मधलं वाचावं लागत नाही.

मग मदत विभागाच्या पत्रात वाचायचं काय? तीन गोष्टी: कोणता कागद, कोणत्या तारखेपर्यंत, कुठे पाठवायचा. आपल्या घरांत पगाराची स्लिप नसते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर करावं लागतं. त्यात आठवडा जातो. भाचीने अर्थ लावण्यात पाच दिवस घालवले होते, कागद एकही काढला नव्हता.

त्या रात्री आम्ही दोन कामं केली. कागदांची यादी काढली आणि सीईटीचा फॉर्म भरला. ती रुसली. "मामू, तुमचा माझ्यावर भरवसा नाही," म्हणाली. मी म्हटलं, "बेटा, तुझ्यावर आहे. त्या पत्रावर नाही."

मार्चअखेर निकाल लागले. त्या कॉलेजने नकार दिला. दोघांनी प्रतीक्षायादीत ठेवलं, ती यादी पुढे सरकलीच नाही. एका कॉलेजने प्रवेश आणि मदत दोन्ही दिलं. या वेळी मात्र पत्र बारकाईने वाचायचं होतं. 'एकूण मदत' म्हणून जो आकडा होता त्यात अनुदान, कर्ज आणि कॅम्पसवर काम करून मिळवायचे पैसे असं सगळं एकत्र होतं. अनुदान परत द्यायचं नसतं. कर्ज फेडायचं असतं. कामाचे पैसे आधी कमवावे लागतात. अनुदान वजा केल्यावर दरवर्षी उरणारी रक्कम दुकानाच्या वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त होती. 1 मेपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तिने नाही म्हणून कळवलं. तो निर्णय तिचा होता.

आज ती इथेच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सीईटीच्या जोरावर. त्या रात्री फॉर्म भरला नसता तर वर्ष गेलं असतं.

वाट पाहणं अवघड असतं, हे मला माहीत आहे. मन प्रत्येक मेलमध्ये इशारा शोधतं. शोधू दे. पण तेवढ्या वेळात कागद पाठवा, आणि इथला फॉर्म भरून ठेवा.