लाऊडस्पीकर आणि श्रोते

श्रोतेहो, नमस्कार.

ही जी हाक मी तुम्हाला आत्ता मारली, तिच्यातच आजचा विषय आहे. गणपतीच्या मांडवात लाऊडस्पीकर लागतो ना, त्यातला ‘लाऊड’ आणि आपले ‘श्रोते’ हे एकाच कुळातले शब्द आहेत. ऐकताना खरं वाटत नाही, पण नातं अगदी पक्कं आहे.

संस्कृतात ‘श्रु’ म्हणजे ऐकणं, आणि ‘श्रुत’ म्हणजे ऐकलेलं. कुठेही लिहून न ठेवलेल्या ज्या प्राचीन भाषेतून संस्कृत, ग्रीक आणि इंग्रजी निघाल्या, तिच्यात या शब्दाची सुरुवात ‘क’सारख्या ध्वनीनं होत असे. संस्कृतात त्याचा ‘श’ झाला आणि पुढच्या ‘ल’चा ‘र’. ग्रीकांनी ‘क’ आणि ‘ल’ दोन्ही राखले. त्यांचा ‘क्लुतोस’ म्हणजे ज्याचं नाव लोकांच्या कानी गेलं आहे असा माणूस, आपल्या भाषेत ‘विश्रुत’. इंग्रजीच्या पूर्वजांनी मात्र ‘क’चा ‘ह’ केला. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘ह्लूड’ होता. पुढे ‘ह’ गळला, ‘ऊ’चा ‘आऊ’ झाला आणि ‘लाऊड’ तयार झाला. अर्थही सरकला: आधी ऐकू येणारं, मग मोठ्यानं ऐकू येणारं. ‘लिसन’ हाही याच घरातला.

‘क’चा ‘ह’, ‘त’चा ‘थ’ असे हे बदल नियमानं होतात, हे याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये सविस्तर मांडलं. आपल्या भावासोबत जर्मन लोककथा गोळा करणारे ग्रिम ते हेच. मला हा नियम कुठल्याही कथेइतकाच अद्भुत वाटतो, कारण तो हाती आला की बंद दारं उघडू लागतात. ‘थर्स्ट’मधल्या ‘थ’च्या जागी ‘त’ ठेवा, ‘तृष्णा’ दिसेल. तृष्णेची प्राकृतात ‘तण्हा’ झाली आणि मराठीत ‘तहान’. मूळ धातूचा अर्थ कोरडं पडणं. लॅटिनच्या वाटेनं आलेला ‘टोस्ट’ही त्याच धातूचा.

‘थंडर’ तसाच. वेदांत गडगडाटाला ‘तन्यतु’ म्हटलं आहे, आणि मेघदूतात येणारा ‘स्तनित’ हा त्याचा सख्खा. जुन्या इंग्रजीत ‘थुनोर’ म्हणत. ‘ड’ मागाहून शिरला.

संवेदनांचे शब्द पुष्कळदा थेट शरीरातून येतात. ‘थ्रिल’ म्हटलं की आज आपल्याला रहस्यपट आठवतो. जुन्या इंग्रजीत ‘थिरेल’ म्हणजे भोक, आणि त्यावरून आलेलं क्रियापद म्हणजे भोसकणं, आरपार जाणं. नाकपुडीच्या ‘नॉस्ट्रिल’मध्ये ते भोक अजून आहे, नाकाचं भोक. काळजातून काहीतरी आरपार गेल्यासारखं वाटतं, त्या शहाऱ्याला भाल्याच्या जखमेचा शब्द लागू झाला. आणि ‘नॉशिया’, म्हणजे मळमळ? ग्रीकमध्ये ‘नाउस’ म्हणजे नाव, पाण्यावरची. बोट लागल्यावर जे होतं, ते.

नक्कल करणारे शब्द मात्र कानाला फसवतात. संस्कृतातला ‘मर्मर’ आणि इंग्रजीतला ‘मर्मर’ यांचं साम्य ऐकून कुणीही त्यांना भावंडं म्हणेल. पण असे शब्द पानांची सळसळ ऐकून कुठेही सुचू शकतात, म्हणून नुसत्या साम्यावर नातं ठरवता येत नाही.

शिवाय नकलेचे शब्द ध्वनिबदलाच्या नियमांनाही सहज दाद देत नाहीत, कारण मूळ आवाज कानावर पडत राहतो आणि लोक त्याची नक्कल पुन्हा करतात. याचा उत्तम दाखला म्हणजे ‘पाइप’. लॅटिनमध्ये ‘पीपारे’ म्हणजे पिलासारखं चिवचिवणं. त्यावरून पाव्याला नाव मिळालं आणि पाव्यावरून नळीला. जुन्या इंग्रजीत उच्चार ‘पीपे’ होता, म्हणजे पिलाचा आवाज त्यात अजून ऐकू येई. पुढे इंग्रजीतल्या दीर्घ ‘ई’चा ‘आइ’ झाला आणि त्या लाटेत हा शब्दही ‘पाइप’ झाला. पिलं काही ‘पाइप’ असं ओरडत नव्हती. त्यांच्या आवाजासाठी लोकांनी ‘पीप’ हाच उच्चार ठेवला, आणि आज इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द आहेत.